पेपरवर नाव कोणाचं घालायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नागपुरातल्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. संशोधनाचा पेपर किंवा प्रबंध आधीच्या लिखाणाशी किती टक्के जुळतो ते सांगणारा सिमिलॅरिटी रिपोर्ट काढून द्यायचं काम माझ्या टेबलावर आलं तेव्हा वाटलं होतं, फाइल अपलोड करायची, प्रिंट काढायची, शिक्का मारायचा, झालं. प्रत्यक्षात लोक रिपोर्टपेक्षा प्रश्नच जास्त घेऊन येतात. तेही बहुतेक वेळा आजूबाजूला कोणी नाही हे बघून, हळू आवाजात. तीच उत्तरं पुन्हा पुन्हा देण्यापेक्षा एकदाची लिहून ठेवलेली बरी. नियम आहे तिथे नियम सांगितला आहे. माझं मत आहे तिथे ते माझं मत म्हणूनच वाचावं.

मॅडम, लेखक कोणाला म्हणायचं याची काही ठरलेली व्याख्या आहे का?

आहे. सगळ्यात जास्त पाळली जाते ती वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीची. १९७८ साली काही संपादक कॅनडातल्या व्हँकुव्हरला जमले, तिथून हा गट सुरू झाला. त्यांच्या चार अटी आहेत. संशोधनाची कल्पना, आखणी, माहिती गोळा करणं किंवा तिचा अर्थ लावणं यात ठोस वाटा हवा. मसुदा लिहिलेला हवा किंवा त्यात मुद्द्याच्या दुरुस्त्या केलेल्या हव्यात. छापायला जाणारी शेवटची प्रत वाचून मान्य केलेली हवी. आणि पेपरमधल्या कुठल्याही भागाबद्दल उद्या शंका निघाली तर तिचा छडा लावायची जबाबदारी घ्यायची तयारी हवी. ही चौथी अट २०१३ मध्ये जोडली गेली, आणि माझ्या मते खरी मेख तीच आहे. चारपैकी तीन चालत नाहीत, चारही लागतात. अटी वैद्यकातल्या असल्या तरी इतर विषयांची पुष्कळ नियतकालिकं त्याच धर्तीवर जातात.

मी मुलांना सोपं करून विचारते: या तक्त्यातला तिसरा आकडा कुठून आला, असं उद्या कोणी विचारलं तर उत्तर कोण देणार? जो देऊ शकतो, तो लेखक.

विभागप्रमुखांनी प्रयोगशाळा वापरू दिली. त्यांचं नाव लागतं ना?

नाही. खोली, यंत्र, निधी, परवानगीची सही, यातल्या कशानेही माणूस लेखक होत नाही. त्यासाठी ऋणनिर्देश असतो. तिथे मोकळ्या मनाने लिहा, नेमकं काय दिलं ते लिहा. नुसत्या खुर्चीच्या जोरावर यादीत येऊन बसणाऱ्याला आपल्याकडे जुना शब्द आहे: आयत्या बिळावर नागोबा.

गाइड म्हणतात, ‘माझं नाव पहिलं टाक.’ काय करू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यात हळू आवाजात येतो.

आधी गाइडच्या बाजूने बोलते. चांगला गाइड विषय घडवतो, पद्धत शिकवतो, तुमचा कच्चा मसुदा चारदा लाल करून परत देतो. असा माणूस सहलेखक असणं रास्त आहे. पण सहलेखक असणं वेगळं आणि पहिलं नाव असणं वेगळं. तुमच्याच प्रबंधातून निघालेल्या पेपरवर साधारणपणे तुमचं नाव पहिलं असावं. गाइडने मसुदा उघडूनही पाहिला नसेल, तर तो सहलेखकही नाही.

मग पहिल्या नावाचा एवढा अट्टहास का? कारण आकड्यांत आहे. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमावलीत बढतीसाठी जे संशोधन गुण मोजतात, त्यात तीन किंवा जास्त लेखक असतील तर पहिल्या, मुख्य किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला ७० टक्के गुण मिळतात आणि बाकीच्या प्रत्येकाला ३०. तिसऱ्या क्रमांकावर असणं आणि पहिल्यावर असणं यात दुपटीहून जास्त फरक पडतो. म्हणजे सर लोभी असतीलच असं नाही, मोजणीची पट्टीच तशी आहे.

करायचं काय? भांडण पेपर लिहून झाल्यावर होतं, म्हणून बोलणं लिहायला घेण्याआधी करा. एक साधा ईमेल: ‘सर, या पेपरसाठी मी सर्वेक्षण आणि विश्लेषण करत आहे, मसुदाही मी लिहिणार आहे. लेखकांचा क्रम मी, नंतर आपण असा धरला आहे. बदल हवा असल्यास कळवावे.’ भाषा नम्र, पण लेखी. बरेचदा एवढ्यावर भागतं. लेखी आलेल्या गोष्टीला ‘असं कधी ठरलं होतं’ म्हणता येत नाही. नाहीच भागलं, तर लढायचं की प्रबंध सुखरूप पार पाडायचा, हे ठरवायचा अधिकार तुमचा आहे. टेबलाच्या या बाजूला बसून ‘लढा’ म्हणायला माझं काय जातं? नोंदी मात्र जपून ठेवा: तारखेच्या फाइली, ईमेल, फील्डवर्कच्या वह्या.

एक गोष्ट सांगते. १९२४ साली ढाक्याच्या सत्येंद्रनाथ बोस यांनी आपला लेख आइन्स्टाइनना पाठवला. तोवर बोसना युरोपात कोणी ओळखत नव्हतं आणि आइन्स्टाइन जगप्रसिद्ध होते. आइन्स्टाइननी लेख स्वतः जर्मनमध्ये अनुवादित केला आणि जर्मन नियतकालिकात छापून आणला. लेखक म्हणून नाव एकट्या बोसचं. आइन्स्टाइनचं नाव खाली, अनुवादक म्हणून आणि लेखाचं महत्त्व सांगणाऱ्या टिपेपुरतं.

मित्र म्हणतो, ‘तू माझं नाव टाक, मी तुझं टाकतो.’ यात कोणाचं काय बिघडतं?

यूजीसीच्या त्याच नियमावलीत दोनच लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के गुण आहेत. मराठीसारख्या विषयात एका पेपरला १० गुण धरतात. दोघांनी स्वतंत्रपणे एकेक पेपर लिहिला तर प्रत्येकी १०. एकमेकांची नावं टाकली की प्रत्येकी ७ अधिक ७, म्हणजे १४. काहीही न करता ४ गुण वर. हा हिशोब मी लपवत नाही, कारण तो सगळ्यांना तोंडपाठ आहे. बिघडतं ते मुलाखतीत. समितीतला एखादा जाणकार ‘तुमच्या या पेपरची पद्धत जरा समजावून सांगा’ म्हणतो, आणि पेपर मित्राचा असतो.

नुसतं नावच तर आहे, काही निघालं तर मला कोण धरणार?

१९८९ साली जॉन टॅलंट या ऑस्ट्रेलियन भूशास्त्रज्ञाने ‘नेचर’ या विज्ञान साप्ताहिकात दाखवून दिलं, की चंदीगडच्या एका प्राध्यापकाने हिमालयात सापडले म्हणून छापलेले जीवाश्म प्रत्यक्षात दुसऱ्याच देशांतले असावेत. त्या प्राध्यापकाच्या पेपरांवर देशोदेशीचे कितीतरी सहलेखक होते. पुष्कळांनी हातात दिलेला नमुना ओळखून दिला होता, तो सापडल्याची जागा पाहिलेली नव्हती. त्यांची नावं त्या प्रकरणाला कायमची चिकटली. पेपरवरून नाव सहजासहजी काढता येत नाही, पेपर मागे घेतला तरी ते दिसत राहतं.

एकटाच लेखक असेन तर ‘मी’ लिहू की ‘आम्ही’?

‘मी’ लिहा. अमेरिकेत जॅक हेदरिंग्टन या भौतिकशास्त्रज्ञाने एकट्याने लिहिलेल्या पेपरभर ‘आम्ही’ टाइप केलं. नियतकालिकाला ते चालणार नाही असं कळल्यावर टाइपरायटरवर सगळं पुन्हा बडवायचा कंटाळा आला, म्हणून त्याने घरच्या सयामी मांजराला एफ. डी. सी. विलार्ड या नावाने सहलेखक केलं. १९७५ मध्ये तो पेपर छापलाही गेला. तुमच्याकडे वर्ड आहे, ‘फाइंड अँड रिप्लेस’ आहे. मांजर नको.

रिपोर्टमध्ये ८ टक्के आले. म्हणजे सुटलो ना?

सुटलात की नाही, ते ८ टक्के कुठे आहेत त्यावर अवलंबून आहे.

यूजीसीचे वाङ्मयचौर्याबाबतचे २०१८ चे विनियम प्रबंधासाठी पायऱ्या सांगतात. १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. १० ते ४० मध्ये सहा महिन्यांच्या आत सुधारून आणा. ४० ते ६० असेल तर वर्षभर सुधारित प्रत देता येत नाही. ६० च्या वर गेलात तर नोंदणीच रद्द. हे तक्ते सगळ्यांना पाठ असतात. त्याच विनियमांतलं दुसरं कलम मात्र कोणी वाचत नाही: गोषवारा, गृहीतक, निरीक्षणं, निकाल, निष्कर्ष, शिफारशी यांत साम्य असूच नये. सवलत फक्त सर्वसामान्य माहितीला किंवा योगायोगाने जुळलेल्या सलग १४ शब्दांपर्यंतच्या मजकुराला.

मागे एक मुलगी ६ टक्क्यांचा रिपोर्ट घेऊन खुशीत उभी होती. मी पानं उलटत गेले. पहिली दीडशे पानं जवळपास कोरी, मध्येच कुठे एखादी पिवळी ओळ. शेवटून तिसरं पान उघडलं तर वरपासून खालपर्यंत लाल. निष्कर्षांचं पान. दुसऱ्या जिल्ह्यातल्या बचत गटांवरच्या प्रबंधातले निष्कर्ष जसेच्या तसे होते, जिल्ह्याचं नाव तेवढं बदललेलं. तिने ते मुद्दाम केलं होतं असं मला आजही वाटत नाही. ‘निष्कर्ष असेच लिहितात’ असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. तिचा डाटा मात्र अस्सल होता, सगळ्या प्रश्नावल्या घरी गठ्ठा बांधून ठेवलेल्या होत्या. तीन आठवडे बसून तिने स्वतःचे निष्कर्ष लिहिले. त्यातले दोन आधीच्या उसन्या निष्कर्षांच्या बरोबर उलट निघाले.

उलटही होतं. २२ टक्के पाहून माणूस रडकुंडीला येतो आणि निम्मं साम्य संदर्भसूची आणि अवतरणचिन्हांतल्या उताऱ्यांचं निघतं. ते वगळायचं असतं. टक्का हा तापमापकासारखा आहे. ताप आहे एवढं कळतं, कशाचा ते माणसालाच बघावं लागतं.

माझ्या मराठी प्रबंधाचा रिपोर्ट चक्क शून्य आला!

पेढे वाटू नका. फाइल कुठल्या फाँटमध्ये आहे ते आधी सांगा.

कृतिदेव, श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर पडद्यावर देवनागरी दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी असते. खात्री करायची तर एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. मराठीऐवजी भलतंच काहीतरी दिसलं, तर सॉफ्टवेअरनेही तेच भलतं वाचलं आहे. त्याला कुठे साम्य सापडणार? टायपिंग सेंटरमध्ये अजूनही हे सर्रास चालतं. काही जण हे पक्कं माहीत असूनच तसं टाइप करून आणतात. मी फाइल परत करते आणि युनिकोडमध्ये मागते. रूपांतर करताना जोडाक्षरं, रफार मोडतात, मुद्रितशोधन पुन्हा करावं लागतं, लोक वैतागतात. वैतागू द्या.

इंग्रजी लेखाचा स्वतः मराठी अनुवाद केला. आता तो माझाच ना?

शब्द तुमचे, विचार त्याचा. अनुवाद म्हणून, मूळ लेखकाच्या नावानिशी द्या. सॉफ्टवेअरला सहसा पत्ता लागत नाही हे खरं, पण बहिःस्थ परीक्षकाने तो इंग्रजी लेख वाचलेला असू शकतो. नव्हे, तुमच्या विषयातला असेल तर बहुधा वाचलेलाच असतो.

माझ्याच जुन्या पेपरमधला मजकूर पुन्हा वापरला तर ती चोरी कशी?

चोरी म्हणू नका, पण सांगितलं नाही तर फसवणूक आहे. वाचक नवं समजून वाचतो आणि निवड समिती नवं समजून गुण देते. ‘हा भाग माझ्या अमुक लेखावर आधारित आहे’ एवढं एक वाक्य पुरतं. याचाच भाऊबंद म्हणजे एका अभ्यासाचे तुकडे करून चार पेपर काढणं. आपण नागपूरकर आहोत, एका संत्र्याच्या फोडी वेगवेगळ्या ठेवून चार संत्र्यांचे पैसे मागितले तर बाजारात काय ऐकून घ्यावं लागेल ते आपल्याला कळतं.

चॅटजीपीटी वापरलं तर चालतं का? त्याला सहलेखक करू का?

सहलेखक नाही. प्रकाशन नीतीवर काम करणाऱ्या ‘कोप’ या संस्थेने फेब्रुवारी २०२३ मध्येच हे स्पष्ट केलं. यंत्र जबाबदारी घेऊ शकत नाही, हितसंबंध जाहीर करू शकत नाही, कॉपीराइटच्या कागदावर सही करू शकत नाही. वर सांगितलेली चौथी अट आठवा.

वापरण्याबद्दल विचाराल तर नियतकालिकाचा नियम आधी वाचा. बहुतेक ठिकाणी वापर उघड सांगायची अट असते: कोणतं साधन, कोणत्या कामासाठी. भाषा सुधारून घेतली तर तसं लिहा. आपल्याकडे पुष्कळ मुलांचं शिक्षण मराठीतून झालेलं आणि पेपर इंग्रजीत द्यावा लागतो. त्यांनी व्याकरण सुधारून घेतलं तर माझ्या मते लाजण्यासारखं काही नाही. लपवलं तर आहे.

धोका दोन ठिकाणी आहे. पहिला संदर्भांचा. हे यंत्र अस्तित्वात नसलेले लेख, खरे वाटावेत अशा लेखकांच्या नावांसह आणि पानक्रमांकांसह, बेधडक देतं. मध्यंतरी माझ्याकडे एक यादी आली, त्यातले पाच लेख मी दिवसभर शोधत होते. नियतकालिक खरं, वर्ष खरं, त्या पानावर लेख मात्र दुसराच. दुसरा धोका न वाचता चिकटवण्याचा. २०२४ मध्ये बॅटरीवरच्या एका आंतरराष्ट्रीय पेपरची प्रस्तावनाच ‘जरूर, तुमच्या विषयासाठी ही एक संभाव्य प्रस्तावना’ अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्याने सुरू झालेली लोकांनी पकडली. सगळे लेखक, परीक्षक, संपादक, यांपैकी एकानेही पहिली ओळ वाचली नव्हती.

टायपिंग करणाऱ्या काकांनी भाषा पुष्कळ सुधारून दिली. त्यांचं नाव कुठे?

ऋणनिर्देशात, आणि आनंदाने. भाषा सुधारणं वेगळं. पण प्रकरणच लिहून देत असतील तर तो प्रबंध तुमचा नाही, मग टक्का शून्य येवो की दोन. ‘डाटापासून बाइंडिंगपर्यंत सगळं करून मिळेल’ असं म्हणणारे लोक या शहरात आहेत हे मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे. व्हायव्हाला ते सोबत येत नाहीत.

जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. सांगणाऱ्या आजींचं नाव घालायचं का?

या प्रश्नावर माझा जीव आहे. लोकसाहित्यावरच्या किती प्रबंधांत परिशिष्टात दोनशे ओव्या असतात आणि खाली फक्त ‘संकलन : संशोधक’. ज्या बाईने सकाळची कामं टाकून, खोकल्याची उबळ आवरत त्या म्हणून दाखवल्या, ती गायब! त्यांना विचारा. नाव चालत असेल तर प्रत्येक ओवीखाली नाव, गाव आणि ऐकल्याची तारीख द्या. नको म्हणाल्या तर नाव झाका. झाकायचं की द्यायचं हे त्यांनी ठरवायचं, आपण नाही. एका विद्यार्थ्याने छापलेला प्रबंध रामटेककडच्या एका गावात नेऊन आजींना त्यांच्या नावाचं पान दाखवलं. त्यांना वाचता येत नव्हतं. नातीने वाचून दाखवलं, तर म्हणाल्या, ‘ही ओवी माह्या सासूची हाय, तिचं नाव टाक.’ पुढच्या लेखात त्याने टाकलं.

औषध फवारणीच्या प्रयोगाचा खर्च कंपनीने दिला. सांगावंच लागतं का?

लागतं. पैसे घेणं गुन्हा नाही. कापूस असो की संत्रा, आपल्या भागात असे प्रयोग होतातच. पण निधी कोणी दिला, प्रयोगाच्या आखणीत त्यांचा हात होता का, निकाल न आवडल्यास ते छपाई थांबवू शकत होते का, हे वाचकाला कळलं पाहिजे. तुम्ही प्रामाणिक असाल, पण ते वाचकाने कशावरून ओळखायचं?

व्हॉट्सॲपवर मेसेज येतो : ‘सात दिवसांत पेपर, लेखकाची जागा उपलब्ध.’ खरं असतं का?

पेपर खरंच छापून येतो, म्हणूनच ते खोटं असतं. पी हळद अन् हो गोरी. तपासणी काय होते ते विज्ञान पत्रकार जॉन बोहॅनन यांनी २०१३ मध्ये दाखवलं. मुद्दाम ढोबळ चुका घातलेला बनावट पेपर त्यांनी ३०४ नियतकालिकांना पाठवला, १५७ नी स्वीकारला.

यूजीसीची केअर यादी, म्हणजे मान्य नियतकालिकांची यादी, पाहू का, असं लोक अजून विचारतात. ती यादी आता नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत यूजीसीने ती बंद केल्याचं जाहीर केलं आणि नियतकालिक पारखायचं काम संस्थांवर आणि तुमच्यावर सोपवलं. तेव्हा पारखा. संपादक मंडळातल्या दोघांना ईमेल करून ‘तुम्ही खरंच इथे आहात का’ विचारा. मागचे दोन अंक उघडून तुमच्या विषयातले लेख वाचा. एकाच अंकात पॉलिमर, पंचायत राज आणि पंचकर्म असेल तर बॅग उचला.

मला न विचारताच माझं नाव एका पेपरवर घातलं आहे.

संपादकांना लगेच लेखी कळवा, प्रत स्वतःजवळ ठेवा. फुकटचं नाव आहे म्हणून गप्प बसू नका. आणि ऑर्किड क्रमांक, म्हणजे संशोधकाची वेगळी ओळख पटवणारा क्रमांक, काढून घ्या. सोळा अंकी, फुकट, पाच मिनिटांचं काम. आपल्याकडे एकाच आडनावाचे आणि आद्याक्षरांचे इतके लोक आहेत की दुसऱ्याचे पेपर तुमच्या खात्यात जायला वेळ लागत नाही.

छापून झाल्यावर माझीच चूक सापडली. आता?

संपादकांना सांगा. छोटी असेल तर दुरुस्तीपत्र निघतं, निकालच कोसळत असतील तर पेपर मागे घ्यावा लागतो. स्वतः सांगून मागे घेतलेला पेपर आणि पकडला गेलेला पेपर यांत जाणकार फरक करतात. झोप मात्र सांगेपर्यंत येत नाही, हे ज्यांनी केलं त्यांच्याकडून ऐकलं आहे.

रिपोर्ट कधी मिळतो?

फाइल वर्डमध्ये, युनिकोड, सगळी प्रकरणं एकत्र. स्कॅन केलेली पीडीएफ नको, ती सॉफ्टवेअरला फोटोच वाटते. साधारण दोन दिवस धरा. सबमिशनच्या आदल्या दिवशी साडेचारला पेन ड्राइव्ह घेऊन आलात तर रिपोर्ट निघेल, पण त्यात लाल दिसलं तर सुधारायला रात्र पुरणार नाही. निष्कर्षांचं पान एकदा स्वतः वाचून या.